चारोळी खाल्ली, गोळ्याही खाल्ल्या

खोकला

माझं नाव वसंता. पांढरकवड्याच्या बाजारात माझं पेढे, बासुंदी, श्रीखंडाचं छोटं दुकान आहे. घरची कपाशी-तुरीची शेती धाकट्या भावाकडे सोपवून मी तरुणपणीच इथं आलो, एका हलवायाकडे कढई ढवळायला राहिलो आणि पुढे स्वतःची भट्टी लावली. आता वय छप्पन्न. मागच्या वर्षापर्यंत सलाईन कशी असते ते मी दुसऱ्याच्याच हाताला पाहिलं होतं.

मागच्या श्रावणात खोकला लागला. भट्टीच्या धुरानं असेल, असं मी धरून चाललो. सणांचे दिवस, दुकानात उभं राहायला जागा नाही, अशात खोकल्याकडे कोण बघतो? मेडिकलमधून बाटली आणायची, चमचाभर घ्यायची, पुन्हा कढईपाशी. रोज दिवेलागणीला अंगात कसर यायची. सकाळी उठलो की उशी ओली असायची. पोळ्यापर्यंत पँट पट्ट्यावरसुद्धा थांबेना.

माझी बायको सुमन एक दिवस माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "अवो, सदरा तुमच्या अंगावर नाई, खुंटीवर टांगल्यावानी दिसून राह्यला. दवाखान्यात जाता का मी मंगेशले सांगू?"

मंगेश आमचा मुलगा. दुकानात माझ्याबरोबरच असतो. त्याला सांगितलं असतं तर त्यानं मला गाडीवर बसवून नेलंच असतं. म्हणून मी आपला आपणच गेलो.

ज्या दिवशी कळलं

सरकारी दवाखान्यात बेडका तपासायला एक डबी दिली. छातीचा फोटो काढला. दोन दिवसांनी फोन आला, "काका, येऊन जा. सोबत कोणालातरी आणा."

सुमन बरोबर होती. टीबीच्या कामावर असलेली कुंदाताई नावाची बाई समोर बसली होती. तिनं आम्हा दोघांना आधी पाणी दिलं. मग म्हणाली, "काका, टीबी निघाला आहे. पूर्ण बरा होतो. पण गोळ्या रोज घ्यायच्या, एक दिवसही सोडायच्या नाहीत. आणि डाव्या बाजूला छातीत पाणी झालंय, ते काढायला यवतमाळला जावं लागेल."

माझ्या डोक्यात यातलं काहीच शिरलं नाही. माझ्या डोळ्यांपुढे फक्त पेढे होते. राखीपासून त्या दिवसापर्यंत मी माझ्या हातांनी किती पेढे वळले होते! किती घरांत गेले असतील, किती लेकरांनी खाल्ले असतील. शेजारी बसलेल्या डॉक्टरांना मी तेच विचारलं. तरुण मुलगी होती, पण समज मोठी. ती म्हणाली, "पेढ्यातून टीबी जात नाही काका. तो खोकल्याच्या हवेतून जातो. घरात कोण कोण आहे ते सांगा आधी."

घरात आठ महिन्यांची नात होती. मंगेश आणि सूनबाई पूजाची मुलगी, आम्ही तिला चिऊ म्हणतो. रोज दुकानातून आलो की पहिली माझ्याच मांडीवर यायची.

सुमननं तेव्हा माझा हात धरला. तीस वर्षांच्या संसारात चारचौघांत पहिल्यांदाच.

वॉर्ड

यवतमाळच्या वॉर्डात मी आठ दिवस होतो. पाठीतून सुई घालून पाणी काढलं. दुखतं, पण जितकी भीती वाटते तितकं नाही. बाटलीत जमलेलं पाणी लिंबाच्या सरबताच्या रंगाचं होतं. ते निघाल्यावर जो पहिला पूर्ण श्वास आत गेला, त्याचं सुख मला अजून आठवतं. श्वास हीसुद्धा भरपोट मिळण्याची गोष्ट आहे हे तोवर माहीत नव्हतं.

वॉर्डाला स्वतःचं एक वेळापत्रक असतं. सकाळी फिनाईलचा पोछा, मग ताप बघणारी सिस्टर, मग गोळ्या, मग डॉक्टरांचा राऊंड, आणि मग जेवणाची गाडी येईपर्यंत छताकडे बघणं. शेजारच्या खाटेवर राजूरकडचे एक गृहस्थ होते, कोळसा खाणीतून निवृत्त झालेले. त्यांची खाट खिडकीजवळ होती. तिसऱ्या दिवशी ते स्वतः उठले आणि म्हणाले, "भाऊ, या इकडं. उन्हात बसा जरा. मी बसलो लय दिवस." त्यांची ही दुसरी खेप होती. पहिल्यांदा चार महिन्यांत बरं वाटलं म्हणून त्यांनी गोळ्या सोडल्या होत्या. "बरं वाटते ना, तेच फसवते," एवढंच ते म्हणाले. मी मान हलवली. ऐकलं मात्र नाही, हे पुढे कळेलच.

घरातली दारं

घरी आलो तर समोरची खोली माझ्यासाठी रिकामी केलेली. खिडक्या सताड उघड्या, एक पलंग, एक तांब्या. सगळ्यांची तपासणी झाली होती, कोणालाच काही निघालं नव्हतं. चिऊला मात्र आजार होऊ नये म्हणून रोजचं औषध लावून दिलं होतं. तरी पूजाचे आईवडील येऊन तिला आणि चिऊला आर्णीला घेऊन गेले. मी खिडकीतून बघितलं. पूजा जाताना लांबूनच वाकली, माझ्याकडे न बघता. मला तिचा राग आला नाही. मी तिच्या जागी असतो तर मीही लेकरू घेऊन गेलो असतो. पण घर एकदम मोठं झालं.

मंगेश दुकानात सगळ्यांना 'बाबाले न्यूमोनिया झाला' असं सांगत होता. मला ते पटत नव्हतं. एकदा आम्हा दोघांची चांगलीच जुंपली.

"खरं सांग ना लोकायले," मी म्हटलं.

"अन् दुकान कायले उघडं ठेवू मंग? टीबीवाल्याच्या घरचा पेढा कोण घेईन बाबा? तुमीच सांगा."



गोळ्या सुरू झाल्यापासून लघवी केशरी व्हायची. पहिल्या दिवशी मी घाबरून कुंदाताईला फोन लावला, ती हसली. "औषधाचा रंग आहे काका, गोळ्या संपल्या की जाईल." ते एक बरं. पण अन्न जाईना. तोंडाला सतत लोखंडाची चव. आणि सगळ्यात वाईट म्हणजे दूध. तीस-पस्तीस वर्षं ज्या वासात उभा राहिलो, त्या आटत्या दुधाच्या वासानं मला उलटी व्हायची. मंगेश घरी आला की त्याच्या कपड्यांना तो वास असायचा, मी तोंड फिरवायचो. पोराला वाटायचं बाप रागावला आहे.

वजन आणखी उतरलं. कुंदाताई महिन्यानं घरी आली तेव्हा तिनं मला दोनदा काट्यावर उभं केलं. "काका, औषध जंतू मारेल, पण अंगात काही गेलंच नाही तर तुम्ही उभे कसे राहणार?"

भीमाबाई

दसऱ्याच्या आधी भीमाबाई आली.

भीमाबाई कोलाम आदिवासी. केळापूरच्या जंगलाकडे त्यांचं पोड आहे, म्हणजे कोलामांची वस्ती. वीसेक वर्षांपासून ती मला चारोळी आणून देते. उन्हाळ्यात चाराची फळं गोळा करायची, बिया फोडून चारोळी काढायची, आणि सणांच्या तोंडावर बाजारात आणायची, असा तिचा नेम. हाडकुळी, काटक बाई. वय विचारलं तर हसते. तिच्या चारोळीला मी कधी दुसऱ्यांदा हुंगलं नाही. जुनी चारोळी खवट होते, दाताखाली धरली की कळते. भीमाबाईची कधीच तशी निघाली नाही.

दुकानात मंगेशनं तिलाही न्यूमोनिया सांगितला. ती तिथून सरळ घरी आली. दारातच उभी राहून माझ्याकडे बघितलं.

"निमोनिया कायचा? हा तं तो खोकला हाये," ती म्हणाली. "काहून लपवता बाप्पा?"

मी पलंगावरून म्हटलं, "भीमाबाई, आत येऊ नको. तिथंच बस."

"बसतो मी ओट्यावर. तू खातं काय, ते सांग."

सुमननं सांगितलं, काही खात नाहीत, दूध तर नावालाही नको. भीमाबाईनं पदराची गाठ सोडून पोटली काढली आणि सुमनच्या हातात दिली.

"आमच्याकडं बाळंतीण झाली, का तापानं माणूस वाळला, तं हे देते. एक मूठ भिजू घाल. पाट्यावर बारीक वाट. पातळ पेज कर तांदळाची, त्याच्यात शिजव. मीठ टाक, साखर नोको टाकू. पयले दोन चमचे दे. जास्त देशीन तं पोट बिघडन."

मी ऐकत होतो आणि मला मनातल्या मनात हसू येत होतं. आयुष्यभर मी चारोळी चिमटीनं वापरली. श्रीखंडावर चार दाणे, बासुंदीवर आठ. दिसायला. ती पोटभर खायची वस्तू आहे हे हलवायाला एका कोलाम बाईनं ओट्यावर बसून सांगावं!

पेज आली. पांढरी, दाटसर, वर तेलाची बारीक चमक. पहिला चमचा मी भीतभीतच घेतला. बदामासारखी चव, पण बदामापेक्षा मऊ, मागाहून किंचित जंगली. आणि दुधाचा वास नाही. पोटात गेली, आणि राहिली. सुमन समोर पातेलं धरून बसली होती, उलटी झाली तर म्हणून. अर्ध्या तासानं तिनं पातेलं खाली ठेवलं आणि डोळे पुसले.

अंग भरतं तेव्हा

पुढच्या दिवसांत सुमननं चारोळीची सगळी रूपं करून बघितली. पेज झाली, मग मुगाच्या पातळ खिचडीत वाटून, मग ज्वारीच्या भाकरीवर चारोळीची चटणी, लसूण घालून. मसाल्याच्या भाजीला शेंगदाण्याऐवजी चारोळीचं वाटण. कढईत कोरडी परतून गुळाबरोबर कुटलेली सुद्धा. माझी भूक हळूहळू परत आली. आधी पेजेची वेळ झाली की वाट बघायला लागलो, मग एक दिवस मी स्वतःहून वांग्याची भाजी मागितली.

दुसऱ्या महिन्यात काट्यावर वजन चढलं. कुंदाताईनं मला डॉक्टरांपुढे उभं केलं. डॉक्टरांनी विचारलं काय खाता. मी चारोळीचं सांगितलं, जरा भीतच, वाटलं रागावतील.

"खा ना," त्या म्हणाल्या. "चांगलं तेल आहे तिच्यात, प्रथिनं आहेत, थोड्यात जास्त शक्ती मिळते. वजन गेलेल्या माणसाला असंच काहीतरी हवं असतं. सोबत डाळ, अंडी, हिरवी भाजीपण हवी. फक्त एक लक्षात ठेवा काका, चारोळी टीबीचे जंतू मारत नाही. ते काम गोळ्यांचं."

मी हो म्हटलं. मनातून मात्र माझं गणित वेगळंच झालं होतं.

माझी चूक

हे लिहायला मला जड जातं. पण हे लिहायचं नसेल तर बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही.

माझ्या अंगाला जे कळत होतं ते असं: गोळी घेतली की मळमळ, पेज घेतली की तरतरी. गोळ्यांनी तोंड कडू, चारोळीनं गोड. त्यात फोनवर कोणीतरी लांबलचक मेसेज पाठवला होता, चारोळीचे फायदे: खोकला, रक्तदोष, छातीचे विकार, सगळं. तो मी तीनदा वाचला. माणूस आपल्याला हवं तेच वाचतो. खोकला बंद झाला होता, ताप नव्हता, अंग भरलं होतं. मला वाटलं, मी बरा झालो. आणि मला बरं केलं ते चारोळीनं.

दिवाळीच्या आठवड्यापासून मी गोळ्या घेणं बंद केलं. रोज सकाळी सुमनच्या देखत हातावर घ्यायच्या, पाणी प्यायल्यासारखं करायचं, आणि ती स्वयंपाकघरात वळली की परसात न्हाणीच्या चुलीत टाकायच्या. लघवीचा केशरी रंग गेला. मळमळ गेली. मी मनात खूश होतो, एखाद्या पोरानं शाळा चुकवावी तसा.

दिवाळीला पूजा चिऊला घेऊन घरी आली. माझी प्रकृती बघून तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. तिनं स्वतः चिऊला माझ्या मांडीवर दिलं. "घ्या बाबा. लय आठवण काढे तुमची." आठ महिन्यांची गेलेली पोर आता उभी राहायला बघत होती. माझ्या नाकाला धरून उभी राहायची. मी तिच्याशी तासन् तास खेळलो. तोंडाला रुमालसुद्धा न बांधता.

तीन आठवडे असे गेले. एका सकाळी तोंड धुताना खोकला आला आणि बेसिनमध्ये रक्त पडलं. फार नाही, पण पांढऱ्या बेसिनवर ते फार दिसलं.

सुमन मागेच उभी होती. तिनं विचारलं, "गोळ्या घेऊन राह्यले ना तुमी?"

मी नळ सोडून रक्त धुवायला लागलो. तिला उत्तर मिळालं. ती ओरडली नाही, रडली नाही. गोळ्या घेतल्या की मी रोज जायचो त्या परसात गेली, न्हाणीच्या चुलीतली राख काडीनं उकरली. अर्धवट जळलेल्या दोन गोळ्या हातावर घेऊन आली आणि माझ्यासमोर धरल्या.

"मी रोज पाणी आणून देत होती," ती म्हणाली. "रोज."

मंगेशला कळलं तेव्हा तो दारातच खाली बसला. मग उठला आणि पहिल्यांदा माझ्यावर ओरडला. "माही पोरगी तुमच्या मांडीवर खेळत होती बाबा! तुमाले एक डाव सांगावंसं नाई वाटलं?"

चिऊला त्याच दोन दिवसांत सर्दी-खोकला झाला होता. अंग कोमट होतं.

वाट बघणं

माझ्या आजारपणातला सगळ्यात वाईट काळ कोणता असं विचारलं तर मी सुईचं नाव घेणार नाही, रक्ताचंही नाही. चिऊच्या तपासणीचे ते दोन दिवस. पूजा तिला घेऊन दवाखान्यात, मंगेश तिच्याबरोबर, मी तोंडाला मास्क लावून व्हरांड्याच्या टोकाला. जवळ जायची हिंमत नव्हती. लहान लेकरांचा बेडका मिळत नाही, म्हणून तिच्या पोटातून नळीनं पाणी घेतलं. तिचं रडणं मला व्हरांड्यात ऐकू येत होतं. मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी कुंदाताई बाहेर आली. लांबूनच तिनं हात हलवला, नाही म्हणून. फोटो साफ, तपासणी साफ. साधी सर्दी होती. तिचं रोजचं औषध पूजानं आर्णीत एकदाही चुकवलं नव्हतं. जे मला छप्पन्नाव्या वर्षी जमलं नाही, ते चोवीस वर्षांच्या पोरीनं न बोलता केलं होतं.

मी पूजासमोर हात जोडले. ती घाबरलीच. "असं नोका करू बाबा," ती म्हणाली, आणि मग रडता रडता, "पण आता खा ना गोळ्या."

माझाही बेडका पुन्हा तपासला. नशीब म्हणा, जंतूंवर तीच औषधं अजून चालत होती. डॉक्टर रागावल्या नाहीत, त्याचंच जास्त लागलं. त्या फक्त म्हणाल्या, "पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू करू. मळमळते हे मला सांगायचं होतं ना? त्यावर उपाय आहे." आणि होता. गोळ्यांची वेळ बदलली, आधी एक छोटी गोळी दिली, आठवड्यात मळमळ अर्ध्यावर आली. एवढ्यासाठी मी हे सगळं केलं होतं.

संक्रांतीला भीमाबाई आली. सुमननं तिला सगळं सांगितलं. भीमाबाई ओट्यावर बसून ऐकत राहिली. मग मला म्हणाली, "म्या तुले खायले देल्ली होती. दवाई म्हणून नाई देल्ली."

"चुकलं माझं," मी म्हटलं.

"माह्या घरवाल्याले हाच खोकला होता. त्यानं बी दवाई सोडली. मेला तो." ती माझ्याकडे न बघता पदराचं टोक गुंडाळत होती. "आमच्या घरात चारोळी कमी होती का वसंता?"

वीस वर्षांत तिनं मला पहिल्यांदा नावानं हाक मारली. त्या दिवसानंतर मी एकही गोळी चुकवली नाही.

चाराचं झाड

पाठोपाठच्या उन्हाळ्यात माझ्यात चालण्याइतकी ताकद आली. बेडका साफ येऊन महिने झाले होते. मंगेशला म्हटलं, मला भीमाबाईच्या पोडावर सोड. चारोळी विकत घेऊन आयुष्य गेलं, पण झाडावर ती मी कधी पाहिली नव्हती.

भीमाबाई आणि तिची लेक आम्हाला जंगलात घेऊन गेल्या. चाराचं झाड काही मोठं देखणं नसतं. साल मगरीच्या पाठीसारखी चौकोनी तडकलेली, पानं जाड. पण फळं लागलेली बघितली तर पाय निघत नाही. जांभळट काळी, करवंदाएवढी. मी एक तोंडात टाकलं. आंबटगोड, आणि आत टणक बी. भीमाबाईनं लेकीला ओरडून सांगितलं, डहाळी तोडू नको, पिकलेलीच झटक. "डहाळी तोडली तं पुढच्या साली काय खाशीन?" काही लोक कच्चीच फळं ओरबाडून नेतात, झाडं कमी होत चालली, असं ती म्हणाली.

भीमाबाईच्या घरी आल्यावर भिजवलेल्या बिया गोणपाटावर चोळायच्या, गर काढून वाळत टाकायच्या, आणि आधीच वाळलेल्या बिया जात्याचे दोन दगड जरा सैल ठेवून भरडायच्या. जोरात फिरवलं तर आतल्या दाण्याचा चुरा, हळू फिरवलं तर बी फुटतच नाही. मी फिरवलं तर सगळा चुराच झाला. भीमाबाईची लेक तोंडाला पदर लावून हसली. भीमाबाईनं जातं माझ्याकडून घेतलं. मग सुपात पाखडून टरफलं उडवली आणि दाणे खाली राहिले, मसुरीएवढे. सकाळपासून दुपारपर्यंत आम्ही चौघांनी मिळून जेवढी चारोळी काढली, तेवढी माझ्या दुकानात एका दिवसाच्या श्रीखंडावर जाते. परत येताना मी मंगेशला म्हटलं की आजपर्यंत आपण ही अशीच शिंपडत आलो. त्या दिवसापासून भीमाबाईशी भावावरून त्यानं घासाघीस केली नाही.

दुकान

पावसाळ्याच्या तोंडी गोळ्या संपल्या. शेवटची तपासणी साफ आली. कुंदाताईनं कार्डावर 'बरा झाला' लिहिलं, ते मी तिच्यासमोर दोनदा वाचलं.

दुकानात परत उभा राहिलो त्या पहिल्या दिवशी मी मंगेशला सांगितलं, आता खोटं बंद. जो विचारेल त्याला टीबी झाला होता म्हणून सांगायचं, आणि बरा झाला म्हणूनही. काही जुनी गिऱ्हाइकं काही दिवस आली नाहीत, हे खरं. शेजारचा कापडवाला मात्र आला, सगळ्यांच्या देखत एक पेढा उचलून तोंडात टाकला आणि म्हणाला, "पाव किलो दे. अन् रडू नोको, खव्यात पडन." हळूहळू इतरही आले. विचारणारे जास्त, टाळणारे कमी, असं मला दिसलं. ज्यांच्या घरी कोणी आजारी होतं, ते तर दुकान रिकामं बघून येत आणि हळूच बोलत.

पण एक भलतंच पसरलं. वसंता हलवाई चारोळी खाऊन टीबीतून उठला. लोक चारोळी मागायला यायला लागले. मंगेशनं विचारलं, जास्त माल मागवू का? मी नको म्हटलं.

गेल्या महिन्यात एक बाई आली. जवळच्याच एका तांड्यातली. नवरा ट्रकवर ड्रायव्हर, तीन महिन्यांपासून घरीच. "दादा, तुमी खाल्ली ते चारोळी द्या. त्यानं गोळ्या सोडल्या, म्हणते उलटी होते. हेच देतो आता त्याले."

मी दुकान मंगेशवर सोडलं. थोडी चारोळी बांधून घेतली, मास्क लावला आणि तिच्या मागोमाग गाडी घेऊन तांड्यावर गेलो. तिचा नवरा अंगणात निंबाखाली खाटेवर पडला होता. चाळिशीचा असेल, पण चेहरा माझ्यापेक्षा म्हातारा. मला बघून उठायला लागला, मी त्याला पडूनच राहा म्हटलं आणि वाऱ्याच्या बाजूला दगडावर बसलो.

त्यानं विचारलं, "काका, खरंच चारोळीनं बरे झाले का तुमी?"

"चारोळीनं मी जेवायला लागलो," मी म्हटलं. "बरा गोळ्यांनी झालो. मधात सोडल्या होत्या मीबी. रक्त पडलं. माह्या नातीच्या पोटात नळी टाकावी लागली, तपासाले."

उलटीवर उपाय आहे, दवाखान्यातल्या कुंदाताईला विचारा, असं मी दोघांना सांगितलं. त्याच्या बायकोनं कुंदाताईचा नंबर मागितला, मी तिच्याच फोनवरून लावून दिला. उलटीचं सांगितलं. कुंदाताई म्हणाली, आजच येते, येईपर्यंत कुठलीच गोळी घेऊ नका म्हणावं, आधी डॉक्टरांना विचारते. ती आली. डॉक्टरांशी बोलली, बेडक्याची डबी दिली, सोबत आणलेली उलटीची गोळी आधी दिली, आणि मग थोड्या वेळानं बाकीच्या गोळ्या त्याच्या हातावर ठेवल्या.

त्यानं त्या एकेक करून गिळल्या. मी त्याच्या गळ्याकडे बघत होतो, खाली जातात की नाही ते. त्याला ते कळलं, आणि तो हसला, तोंड उघडून जीभ बाहेर काढून दाखवली.

"गेल्या काका. पाहा."

चुलीवर त्याची बायको पेज ढवळत होती. मी तिला सांगितलं, साखर नको, मीठ टाक, आणि आज फक्त दोन चमचे.